बेडकुळी

दंड वाकवला की वर जो उंचवटा येतो त्याला आपण बेडकुळी म्हणतो. लहान मुलं ती काढून दाखवतात, दुसरं कुणी बोटानं दाबून बघतं, मग कुणाची जास्त टणक यावरून वाद होतो. या शब्दात बेडूक स्पष्ट ऐकू येतो. लॅटिनमध्ये स्नायूला ‘मस्क्युलस’ म्हणत. त्याचा अर्थ छोटा उंदीर, आणि इंग्रजीतला ‘मसल’ तिथूनच आलेला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हातातलं काम टाकून मी आरशासमोर गेले आणि दंड वाकवून बघितला. इतक्या लांबच्या दोन भाषा, पण कातडीखालच्या त्या उंचवट्यात दोघींनाही एक लहानसा जीव दडलेला दिसला. एकीला बेडूक, दुसरीला उंदीर. दोन्ही प्राणी असे, की स्वस्थ बसलेले असले तर नजरेतून सुटतात आणि हलले की लगेच दिसतात.

गेली बरीच वर्षं मी आभासी जगातल्या अवतारांसाठी, म्हणजे तिथं माणसं जी शरीरं घेऊन वावरतात त्यांच्यासाठी, स्किन रंगवते आहे. स्किन म्हणजे त्या शरीरावर चढणारं कातडीचं चित्र. त्यातही माझा जीव रमतो तो स्नायूंच्या शेडिंगमध्ये, म्हणजे उजळ-गडद छटांनी उठाव आणण्यात. रोज टॅब्लेटवर पेन टेकवताना प्रश्न तोच असतो. ज्याची ओळखच हालचालीतून पटते, ते एका सपाट, न हलणाऱ्या चित्रात आणायचं कसं?

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सेकंड लाइफ हे आभासी जग २००३ साली लोकांसाठी खुलं झालं. मी तिथंच शिकले, म्हणून माझी उदाहरणं तिथली. तिथल्या अवताराचं शरीर म्हणजे त्रिकोणांच्या जाळीचा एक पोकळ साचा. त्यावर तीन चित्रं चढतात: एक डोक्याचं, एक धडाचं आणि हातांचं, एक कमरेखालचं. सगळ्या शिवणी उसवून शर्ट टेबलावर पसरावा तशी ही चित्रं दिसतात. छाती एकीकडे, पाठ दुसरीकडे, बाह्या उलगडून बाजूला ठेवलेल्या. या पसरलेल्या कपड्यावर आपण रंगवायचं आणि तो पुन्हा शिवला गेला की अंगावर नीट बसला पाहिजे. सपाट चित्रात सरळ दिसणारी रेघ काखेजवळ गेली की वाकते, कारण तिथं जाळी ताणलेली असते. खांद्यावर काढलेला गोल अंडाकृती होतो. कुठला भाग किती ताणला जातो हे हाताला कळायलाच मला काही महिने लागले. चौकटी चौकटींचं चित्र अवतारावर चढवायचं, चौकट कुठं फाकते आणि कुठं आक्रसते ते बघायचं, आणि परत यायचं. अशा किती खेपा झाल्या याची मोजदाद नाही.

१५४३ साली आंद्रेआस वेसालिअसचा शरीररचनेवरचा प्रसिद्ध ग्रंथ छापला गेला. त्यातली स्नायूंची चित्रं मी कामाच्या खोलीत समोरच लावली आहेत. कातडी सोललेली माणसं डोंगर, झाडं, गावं यांच्या पार्श्वभूमीवर ताठ उभी आहेत, जणू फिरायला निघाली आहेत. एकेका चित्रात वरचा थर उतरत जातो आणि खालचा दिसू लागतो. त्या माणसांकडे बघताना मला नेहमी वाटतं, की त्यांना कातडी नाही आणि आमच्या माणसांना कातडीखेरीज काहीच नाही. अवताराच्या आत हाड नाही, मांस नाही, रक्त नाही. जे काही आत आहे असं बघणाऱ्याला वाटायला हवं, ते सगळं वरच्या कागदाएवढ्या पापुद्र्यावरच सुचवायचं.

माझी पहिली स्किन चुकली ती उजेडामुळे. मी एका छायाचित्रावरून छाती आणि खांदे रंगवले होते. छायाचित्रात उजेड डावीकडून वरून येत होता, मीही तसाच रंगवला. प्रत्येक उंचवट्याच्या डाव्या कडेला चमक, उजव्या कडेला गडद छाया. कागदावर ते इतकं उठावदार दिसत होतं, की रात्रभर मला झोप आली नाही. मग ती स्किन अंगावर चढवली आणि एका उघड्या माळावर जाऊन उभी राहिले. सेकंड लाइफमधला नेहमीचा दिवस चार तासांचा असतो, तीन तास उजेड आणि एक तास रात्र. सूर्य झरझर सरकतो. तो माझ्या उजवीकडे गेला, जमिनीवरचा उजेड उजवीकडून येऊ लागला, पण माझ्या अवताराची छाती डावीकडूनच चमकत राहिली. पाठ फिरवली तरी तेच. रात्र झाली तरी डाव्या खांद्यावर दुपारचं ऊन होतं.

त्या एका तासात मला जे कळलं त्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. उजेड रंगवायचा नाही, खोलपणा रंगवायचा. उजेड येतो आणि जातो, पण काख नेहमीच काख असते. जिथं दोन भाग एकमेकांजवळ येतात, जिथं आकाशाचा फार थोडा तुकडा दिसतो, तिथं कुठल्याही वेळी उजेड कमीच पोचतो: बेंबी, जांघ, गुडघ्यामागची खळी, कानामागची फट, बोटांच्या बेचक्या. या सावल्या सूर्याच्या मालकीच्या नाहीत, त्या शरीराच्या स्वतःच्या आहेत. तांत्रिक भाषेत याला अँबियंट ऑक्लूजन म्हणतात. मी माझ्यापुरता त्याला ‘मुक्कामाची सावली’ असा शब्द केला आहे, कारण बाकीच्या सावल्या पाहुण्या.

अर्थात एवढ्यावर भागत नाही. त्या काळी तिथला उजेड अगदी साधा होता. शरीराच्या एका भागाची सावली दुसऱ्या भागावर पडतच नसे. हनुवटीखाली मान तितकीच उजळ, छातीखाली पोट तितकंच उजळ. नुसत्या मुक्कामाच्या सावल्या ठेवल्या तर अवतार प्लॅस्टिकचा वाटायचा. मग मध्यम मार्ग निघाला: उजेड बरोबर डोक्यावरून, ढगाळ दिवशी येतो तसा मऊ येतो आहे असं धरायचं. डावं-उजवं काही नाही, फक्त वर आणि खाली. खांद्याच्या माथ्यावर किंचित फिकट, छातीच्या खालच्या कडेला किंचित गडद. माणसाचा डोळा वरून येणारा उजेड मुकाट्यानं मान्य करतो. सूर्य कुठंही असला तरी ही तडजोड खपून जाते. पुढे तिथं खऱ्या सावल्या आल्या. २०१३ साली पृष्ठभागाचे बारीक उंचसखलपण आणि चमक सांगणारे वेगळे नकाशे आले, २०२३ च्या अखेरीस उजेडाचं भौतिक गणित पाळणारे पृष्ठभाग आले. प्रत्येक वेळी मी माझ्या जुन्या स्किन उघडल्या आणि त्यातली थोडी सावली पुसली. जे काम यंत्र करू लागलं ते हातानं पुन्हा केलं, तर सावली दुप्पट होते आणि अंग मळकट दिसतं.

मळकट या शब्दाशी थांबायलाच हवं, कारण रंगाच्या बाबतीत नव्या माणसाची पहिली चूक हमखास इथं होते. कातडीचा रंग घ्यायचा, त्यावर मल्टिप्लायचा लेयर, म्हणजे खालचा रंग गडद करणारा पारदर्शक थर, टाकायचा, त्यात करडा किंवा काळा रंग घेऊन सावल्या काढायच्या. आकार येतो, पण माणूस मेलेला दिसतो. मीही असे काही मृतदेह तयार केले आहेत, आणि ते बघताना पोटात कालवलं होतं. का, ते अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर तळहात ठेवला की कळतं. बोटांच्या कडा लाल पेटतात. उजेड कातडीवर आदळून परत फिरत नाही, तो आत शिरतो, इकडे तिकडे भटकतो आणि दुसऱ्याच ठिकाणाहून बाहेर येतो. त्यात लाल उजेड सगळ्यांत लांब जातो, निळा आणि हिरवा लवकर गिळले जातात. म्हणून उजेड जिथं संपतो आणि सावली सुरू होते त्या सीमेवर कातडी तांबूस होते. २००१ साली हेन्रिक वान येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे भटकणं संगणकाला झेपेल अशा गणितात बसवलं आणि तेव्हापासून पडद्यावरची माणसं मेणासारखी दिसायची कमी झाली. पण रंगानं काम करणारे चित्रकार हे शतकानुशतकं डोळ्यानं ओळखून होते.

मी आता सावलीसाठी करडा वापरतच नाही. उथळ सावलीला विटकरी, खोल फटीला काळपट तांबडा. जिथं कातडी पातळ आणि हाड जवळ, म्हणजे गळपट्टीचं हाड, नडगी, मनगटाची बाहेरची गोटी, तिथं रंग किंचित पिवळट फिका. कोपर, गुडघे, बोटांचे सांधे, कान इथं लाली जास्त. पोटाच्या बाजूला, जिथं कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, तिथं कडा मऊ ठेवायच्या. स्नायूचा आकार हा या थरावर अवलंबून असतो हे विसरून चालत नाही. तोच स्नायू, वर चरबी जास्त असली की त्याची कड पसरते आणि दोन स्नायूंमधली घळ उथळ होते. माझ्या शेडिंगमध्ये ब्रशची कड किती मऊ ठेवायची या एकाच निर्णयात त्या माणसाचं निम्मं वर्णन होऊन जातं.

सावळ्या आणि काळ्या कातडीबद्दल मला जरा जास्तच बोलायचं आहे. गोऱ्या रंगाची स्किन आधी तयार करायची आणि मग सरळ उजळपणा खाली ओढून ‘गडद छटा’ म्हणून विकायची, ही पद्धत मी बरीच पाहिली आहे. त्यातून जे बाहेर येतं ते राखेसारखं असतं. गडद कातडीवर आकार सांगण्याचं काम सावली फारसं करत नाही, ते चमक करते. मूळ रंगच खोल असल्यामुळे सावलीला खाली उतरायला जागा कमी असते, आणि कातडीच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड मात्र तेवढाच असतो, त्यामुळे तो जास्त उठून दिसतो. बरेचदा ती चमक निळसर थंड असते, आकाशाचा रंग घेऊन आलेली. म्हणून तिथं मी उलट्या बाजूनं सुरुवात करते: आधी चमकांचा नकाशा, मग थोड्याच सावल्या, त्याही उबदार तपकिरी. तळहात आणि तळपाय फिके, आणि तो फरक जिथं मिटतो ती हाताच्या कडेची रेषा सावकाश विरघळवलेली. एकच रंगपट्टी खाली-वर सरकवून हे मिळत नाही. प्रत्येक छटा नव्यानं रंगवावी लागते. वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा. ज्याला आपल्या रंगाचा अवतार हवा आहे त्याला दुसऱ्याच्या रंगाची काळोखी का द्यावी?

आता स्नायूंकडे.

पोटाचे चौकोन हा सगळ्यांच्या आवडीचा भाग आणि सगळ्यांत जास्त चुकणाराही. पोटावर उभा एक लांब स्नायू असतो, मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना एकेक. त्याला आडव्या पांढऱ्या तंतूंच्या पट्ट्या कापतात, बहुधा तीन. त्यातली सगळ्यांत खालची साधारण बेंबीच्या पातळीवर असते. म्हणजे जे चौकोन दिसतात ते बेंबीच्या वर. बेंबीच्या खाली एक लांब, जवळजवळ सपाट भाग उरतो. नवशिके बेंबी मध्यावर धरून वर दोन ओळी, खाली दोन ओळी अशा विटा रचतात. शिवाय या पट्ट्या बऱ्याच जणांत समोरासमोर येत नाहीत, डावीकडची थोडी वर, उजवीकडची थोडी खाली, एखादी तिरकी. आरशात धरल्यासारखं बरोबर सारखं पोट मी रंगवते तेव्हा ते चिलखत दिसतं. एक पट्टी जराशी घसरवली की माणूस श्वास घेऊ लागतो.

छातीचा मोठा स्नायू हा माझा लाडका. त्याचे काही तंतू गळपट्टीच्या हाडावरून निघतात, काही छातीच्या मधल्या हाडावरून आणि बरगड्यांवरून, आणि सगळे पंख्याच्या काड्यांसारखे जवळ येत दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतात. गंमत म्हणजे जाता जाता त्यांना पीळ पडतो. खालून आलेले तंतू मागे वळून वरच्या अंगाला जोडले जातात. काखेच्या पुढच्या कडेला बोटांच्या चिमटीत धरता येते ती जाड घडी याच पिळाची. ‘पिळदार शरीर’ म्हणताना आपल्या मनात दोरी असते की काय कोण जाणे, पण छातीच्या बाबतीत तो शब्द अक्षरशः खरा आहे. हा पीळ समजला तेव्हापासून मी छातीची खालची कड काखेत सरळ घुसवायची बंद केली. ती कड वर चढते, दंडाच्या त्रिकोणी स्नायूखाली शिरते आणि तिथं दिसेनाशी होते.

बरगड्यांच्या बाजूला करवतीच्या दातांसारखे स्नायू असतात. ते आणि पोटाच्या बाजूचा तिरका स्नायू एकमेकांत बोटं गुंतवावीत तसे बसतात. तिथं माझा नियम आहे: तीन किंवा चार दात दाखवायचे, बाकीचे फक्त आहेत असं वाटू द्यायचं. पायांचा तर एक ठेकाच आहे. गुडघ्याच्या वर आतल्या बाजूचा थेंबाच्या आकाराचा स्नायू बाहेरच्यापेक्षा खाली उतरलेला. पोटरीतही आतला भाग बाहेरच्यापेक्षा खाली. घोट्याशी आलं की उलट, आतलं हाड वर आणि बाहेरचं खाली. आत, आत, मग बाहेर. ही तिरपी चाल सांभाळली की सपाट चित्रातला पायसुद्धा चालल्यासारखा वाटतो, आणि दोन्ही बाजू एका पातळीवर आणल्या की टेबलाचा पाय होतो.

आणखी एक फसवी जागा आहे. साच्यात अवतार दोन्ही हात आडवे पसरून उभा असतो, तळवे खाली. आपण संदर्भाला घेतो ती छायाचित्रं मात्र हात खाली सोडलेल्या माणसांची. हात वर गेला की खांद्याचा स्नायू आखडतो, काख उघडते, पाठीचा रुंद स्नायू ताणला जातो. तळवा खाली वळला की कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांवरून जातात आणि त्यांच्यासोबत अख्खा हात पीळ घेतो. हात सोडलेल्या माणसाचा खांदा हात पसरलेल्या साच्यावर जसाच्या तसा उतरवला, तर अवतारानं हात खाली घेताच सावल्या चुकीच्या जागी येऊन पडतात. आणि अवतार तर सतत हलत असतो: नाचतो, बसतो, मिठी मारतो. कुठल्या क्षणाचा स्नायू रंगवायचा?

कुठल्याच नाही, असं माझं उत्तर आहे. लिओनार्दो दा विंचीनं स्वतः मृतदेह फाडून स्नायूंचा अभ्यास केला होता, एवढं ज्ञान त्याच्या काळात क्वचित कुणाला असेल, आणि तरीही चित्रकारांना त्याचं सांगणं असं, की अंगातले सगळे स्नायू एकदम उठवून दाखवू नका. जो अवयव जोर लावतो आहे त्याचेच दिसू द्या, नाहीतर माणसाऐवजी अक्रोडांनी भरलेलं पोतं दिसेल. आमच्या बाजारात अक्रोडांची पोती पुष्कळ आहेत. प्रत्येक स्नायू कमाल ताणात, प्रत्येक शीर फुगलेली, आणि अवतार मात्र खुर्चीवर बसून गप्पा मारतो आहे. तो बघताना मला थकवा येतो, त्याच्या वतीनं. म्हणून मी विसावलेला स्नायू रंगवते. उंचवट्याचा माथा जवळजवळ तसाच सोडते आणि दोन स्नायूंच्या मधल्या घळी तेवढ्या सांगते, कारण हात कुठंही गेला तरी घळ फार सरकत नाही. माथा सरकतो. बेडूक कुठं बसला आहे ते न सांगता, तो ज्या दोन दगडांच्या मध्ये राहतो ते दगड दाखवायचे.

शिवणींचं थोडक्यात सांगते, त्यात कष्ट जास्त आणि रस कमी. कमरेला धडाचं चित्र संपतं आणि पायांचं सुरू होतं. दोन्हीकडचा रंग कणभरही वेगळा असला तर कमरेभोवती दोरा बांधल्यासारखी रेघ दिसते. रंग तंतोतंत जुळवला तरी अपलोड करताना चित्र आवळून साठवलं जातं आणि त्यात कडेचे ठिपके बदलतात. म्हणून रंग शिवणीपलीकडे थोडा सांडू द्यावा लागतो. मान तर याहून अवघड, कारण डोकं एका कारागिराचं आणि धड दुसऱ्याचं असू शकतं. पूर्वी तयार स्किन अंगावर यायची ती ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांची. छाती, पाठ आणि हात यांचं मिळून एवढंच. एकेका बरगडीच्या वाट्याला मोजके ठिपके यायचे, आणि त्या टंचाईनंच मला शिकवलं की कुठली सावली खरोखर लागते.

याच जुन्या साच्यात आणखी एक मर्यादा होती, आणि आता मला जे सांगायचं आहे ते तिच्याशी जोडलेलं आहे. हातांसाठी चित्रात एकच जागा असे. उजव्या हातावर जे रंगवाल तेच आरशातल्यासारखं डाव्यावर यायचं. पायांचंही तसंच. त्यामुळे तिथल्या सगळ्यांचे दोन्ही हात अगदी सारखे होते. २०१९ साली मेश शरीरांवर, म्हणजे जुन्या साच्याऐवजी कारागिरांनी बनवलेल्या नव्या शरीरांवर, स्किन थेट चढवायची सोय आली तेव्हा डाव्या हाताला आणि डाव्या पायाला स्वतंत्र जागा मिळाली. बहुतेकांनी ती गोंदणासाठी वापरली. मीही त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं.

मग एका गिऱ्हाइकाचा निरोप आला. त्यांनी माझी एक स्किन वर्षभर वापरली होती. त्यांना फक्त डावा हात वेगळा करून हवा होता. कोपराशी मज्जातंतूला इजा झाली होती, आणि करंगळीच्या बाजूनं हाताचे लहान स्नायू सुकत गेले होते. त्यांनी हाताची छायाचित्रं पाठवली आणि खाली लिहिलं होतं, “माझे दोन्ही हात उजवे नाहीत. तिथं तरी खोटं कशाला?”

आपल्याकडे उजवं म्हणजे सरस, डावं म्हणजे उणं. डावं-उजवं करू नये म्हणतात. तो निरोप मी बरेचदा वाचला.

अंगठा तर्जनीच्या कडेला घट्ट दाबून धरा. हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात एक छोटा उंचवटा वर येईल. ही शरीरातली सगळ्यांत लहान बेडकुळी म्हणावी. इतकी वर्षं हात रंगवूनही मी तिची कधी दखल घेतली नव्हती. एक मऊ फिकट ठिपका दिला की पुढे जायचे. त्या छायाचित्रांत तिथं उंचवटा नव्हता. तिथं खळगा होता. आणि हाताच्या पाठीवर, बोटांकडे जाणाऱ्या हाडांच्या मधोमध, लांबट खाचा पडल्या होत्या, पाणी वाहून गेल्यावर मातीत पडतात तशा.

मी आजवर स्नायू असल्याची सावली शिकले होते. स्नायू नसल्याची सावली कधी रंगवली नव्हती. आणि साच्याचा आकार माझ्या हातात नव्हता. जाळी तिथं फुगलेलीच होती, मला फक्त रंगानं ती आत ढकलायची होती. पहिल्या प्रयत्नात खाचा इतक्या गडद झाल्या की हात मळलेला वाटला. दुसऱ्यात मी घाबरून इतकं फिकं केलं की काहीच दिसेना. मग लक्षात आलं, की खळगा हा सावलीनं होत नाही, त्याच्या काठांनी होतो. शेजारचं हाड जरा उजळ आणि किंचित पिवळट केलं, तर मधली जागा आपोआप खाली जाते. खळग्याच्या तळाला थोडी लाली ठेवली, कारण तिथंही कातडी जिवंत आहे, तिच्यातूनही उजेड आत जातो. कोपराखालची आतली बाजू थोडी सपाट केली. मनगटाला जवळपास हात लावला नाही, तिथं मुळात स्नायूंपेक्षा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्याच जास्त. तीन संध्याकाळ मी त्या एका तळहाताएवढ्या जागेवर होते. मध्ये मध्ये स्वतःचा अंगठा दाबून बघायचे, उंचवटा वर यायचा, आणि मग तो तिथं नाही असं मनात धरून पुन्हा बघायचे.

हात पाठवला. त्यांनी तो चढवला आणि आम्ही दोघं त्या माळावर भेटलो. चार तासांचा दिवस मावळायला आला होता. त्यांनी काहीही न बोलता हात वर केला, फिरवला, सूर्याकडे केला, सूर्यापासून दूर नेला. खाचा प्रत्येक वेळी जागेवर राहिल्या. मग त्यांनी “बरोबर आहे” एवढंच लिहिलं.

साताठ महिन्यांनी पुन्हा निरोप आला. “बेचक्यातला खळगा जरा उथळ कराल का? भरून येतोय, सावकाश. डॉक्टरांनी मोजून बघितलं.”

मी ती फाइल उघडली. त्या खळग्याचा लेयर वेगळाच ठेवला होता, त्याची ओपॅसिटी, म्हणजे तो किती ठळक दिसतो ते प्रमाण, शंभरात ७० होती. ती ५५ वर आणली, काठाची पिवळट रेघ थोडी विरघळवली आणि हात परत पाठवला. त्यानंतर एकदा ४५ झाली. गेल्या आठवड्यात ४० वर आणली आहे.